नानांच्या रणगाड्याचं बोर्ड

हे लिहावं की नाही, ते मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. गोष्ट एका रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याची आहे आणि कुणाला ती हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. मला तसं वाटत नाही.

रणगाडा आमच्या गल्लीतल्या नानांचा. आमचं गाव नरडाण्याजवळ. नाना फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन गावी आले, शेती पाहू लागले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड गेली. मग पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं हा हातभर लांबीचा रणगाडा पाठवला. त्याच्या रिमोटला दोन उभे दांडे होते. डावा दांडा चाकांवरच्या डाव्या पट्ट्याचा, उजवा दांडा उजव्या पट्ट्याचा. खऱ्या गाडीतही असेच दोन दांडे असतात, असं नाना सांगत. त्याला खेळणं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ते 'गाडी' म्हणायचे.

सकाळी अंगणात सडा झाला की नाना ओट्यावर बसून गाडी चालवत. सुरुवातीला उजवा दांडा त्यांच्या बोटांतून निसटायचा आणि गाडी गोल गोल फिरत राहायची. गल्लीतले लोक येता-जाता आमच्या अहिराणीत विचारत, "नाना, बॉर्डर कितली दूर शे आते?"

"तुन्हा ओटापाइन दोन पावलं. सांभाळी ऱ्हाय," नाना म्हणत.

हळूहळू गाडी सरळ जायला लागली. उजव्या हातात कप धरता येऊ लागला. पुढे ते एकटे मळ्यात जाऊन विहिरीवरची मोटर चालू-बंद करून येऊ लागले. त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या काकू, एकट्यानं सगळी शेती बघतात. त्यांनाही त्याची मोठी मदत होती. स्टार्टरच्या पेटीची किल्ली नानांच्या सदऱ्याच्या खिशात असायची.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नरडाण्याला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटरी येतात, आबा जुनी तार काढून नवी भरतात. लहानपणापासून मी त्या दुकानात वेढे मोजत बसले आहे. बारावीच्या पुढे शिकलेलं आमच्या घरात कुणी नव्हतं. मी जळगावला इंजिनिअरिंगला गेले, इलेक्ट्रॉनिक्सला, तेव्हा आबांच्या तोंडावर लोक म्हणाले होते, "पोरले कसाले इतली शिकाडस?" आबा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मला वाटायचं की उत्तर मीच द्यायचं आहे, आणि ते काहीतरी करून दाखवून द्यायचं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत नाना टॉवेलात गाडी गुंडाळून आमच्या दारात आले.

"इंजिनेर बाई शे का घर?"

आई हसली. मी बाहेर आले.

"डावा पट्टा दहा मिनिटमा थकी जास," नाना म्हणाले. "मन्हा हातसारखा. हात डॉक्टरले दखाडा, हाई तुले दखाडस."

मी गाडी घेऊन आबांच्या दुकानात गेले. आबा त्या दिवशी कुणाच्या तरी विहिरीतली मोटर वर काढायला गेले होते. मी गाडी उलटी करून चालवली. दहा मिनिटांनी डावा पट्टा थांबला, नानांनी सांगितलं होतं तसाच. थंड झाल्यावर पुन्हा चालला. मी दोन्ही मोटरींना बोट लावून पाहिलं. डावी चटका बसेल इतकी तापली होती, उजवी जेमतेम कोमट. म्हणजे डाव्या बाजूला काहीतरी अडत होतं, मोटर जास्त करंट ओढत होती आणि मोटरींना वीज पुरवणारं आतलं सर्किटचं बोर्ड स्वतःला वाचवायला ती बंद करत होतं.

डावा गिअरबॉक्स उघडला तर आत कापूस. दिवाळीत नानांच्या ओट्यावर वेचलेल्या कापसाचा ढीग असतो, त्यातूनच गाडी चालवली असणार. कापसाचे तंतू आसाला सुतासारखे घट्ट गुंडाळले गेले होते. मी ते ब्लेडनं कापून, चिमट्यानं ओढून काढले, थेंबभर तेल सोडलं. पुन्हा चालवली तर वीस मिनिटं झाली तरी मोटर कोमटच.

दुरुस्ती इथेच संपली होती. हे वाक्य मी मनात फार वेळा म्हटलं आहे.

पण मला ते फार थोडं वाटलं. कापूस तर कुणीही काढला असता. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीनं आणखी काहीतरी करायला हवं होतं. मी उजवा गिअरबॉक्सही उघडला. मोटरींना केसासारख्या बारीक तारा होत्या, त्या जागी आबांच्या दुकानातली चांगली जाड तार लावायचं ठरवलं. चारही तारांचे सोल्डरचे डाग सोडवले आणि नव्या तारा जोडल्या. आबा कुठलीही मोटर उघडण्याआधी प्रत्येक टोकाला दोऱ्याच्या गाठी मारतात, एकीला एक, दुसरीला दोन, म्हणजे कुठलं टोक कुठे होतं ते विसरायला होत नाही. माझ्या हाताजवळच दोऱ्याचं रीळ होतं. मी गाठी मारल्या नाहीत.

बारा बारीक स्क्रू आवळून गाडी चालू केली तर दांडा पुढे केल्यावर गाडी मागे गेली. दोन्ही पट्टे उलटे.

आमच्याकडे विहिरीवरची मोटर उलटी फिरली की कुणी विहिरीत उतरत नाही. स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन आपसात बदलायच्या, मोटर सरळ फिरते. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून हे पाहत आले आहे. आबा फोनवर शेतकऱ्यांना तेवढंच सांगतात, "उलटी फिरस? दोन वायरी बदल." माझ्यासमोर ते बारा स्क्रू होते आणि ते पुन्हा उघडायचा मला कंटाळा आला होता. मला वाटलं, आत कशाला जायचं, वरूनच बदलू. मी बॅटरीकडून बोर्डात येणाऱ्या दोन तारा उलट्या केल्या.

बॅटरी उलटी बसू नये म्हणून त्या जोडणीला मुद्दाम खाच ठेवलेली असते. मी टाचणीनं त्यातल्या पिना काढून उलट्या घातल्या. कॉलेजच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आम्हाला लाल आणि काळी तार हातात देऊन हेच शिकवलं होतं. तीन फेजची मोटर वेगळी आणि बॅटरीवरचं बोर्ड वेगळं, हे मला परीक्षेत कुणी विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. पण त्या दुकानात, त्या स्टुलावर बसल्यावर माझ्या हातांनी पंपाचंच काम केलं.

बटण दाबल्याबरोबर बारीक 'चट' असा आवाज झाला आणि धूर आला. बोर्डावरच्या काळ्या चिपला फोड आला होता.

मी लगेच जोडणी पहिल्यासारखी केली. आता ते आठवतं तेव्हा सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. बोर्ड वाचवायचं असतं तर गोष्ट वेगळी, ते तर गेलंच होतं. पिना सरळ केल्या त्या कुणी पाहू नये म्हणून.

संध्याकाळी नाना आले. दुकानातून घरी येताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण ओट्यावर आई होती, शेजारच्या दोघी बसल्या होत्या, आणि नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हणस डॉक्टरीणबाई, पेशंट वाचना का?"

"नाना, बोर्ड आतून जळालेलं होतं," मी म्हणाले. "जास्त वेळ चार्जिंगला राहिलं असेल."

ते दुसरं वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला सांगता येत नाही. पहिल्या वाक्याला आधार हवा होता म्हणून आलं असेल.

नानांनी गाडीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "व्हई. मांगला आठोडामा मी चार्जिंगले लाईसन इसरी गयथू. दिनभर ऱ्हायनं."

त्यांनी खरंच विसरून ठेवलं होतं. त्यानं बोर्ड जळत नाही, फार तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. हे मला माहीत होतं. मी मान डोलावली.

गाडी घेऊन जळगावला परत आल्यावर मी नवीन बोर्ड शोधलं. तसलं जुनं बोर्ड मिळत नव्हतं. प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या दुकानात दोन मोटरी चालवणारं एक बोर्ड आणि एक नवा रिमोट मिळाला. त्या रिमोटला एकच दांडा होता, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सगळं त्या एकाच दांड्यावर. मी ते सगळं गाडीत बसवलं आणि स्वतःची समजूत घातली की हे तर नानांच्या सोयीचंच झालं, आता एका डाव्या हातानं चालेल.

एवढ्यावरही मी थांबले नाही. कॉलेजात मिनी प्रोजेक्ट द्यायचा होता. मी तोच दिला. अर्धांग झालेल्या माणसाला एका हातानं चालवता येईल असा बदल, असं नाव दिलं आणि नानांचा ओट्यावरचा फोटो पडद्यावर दाखवला. सर म्हणाले, "गावाशी नातं ठेवून काम केलंय, बघा." वर्गानं टाळ्या वाजवल्या. बोर्ड का बदलावं लागलं, हे एका मुलीनं विचारलं होतं. "ते जुनं झालं होतं," मी म्हणाले.

संक्रांतीला गाडी नानांना दिली. त्यांनी नवा रिमोट हातात फिरवून पाहिला.

"दुसरा दांडा कोठे गया?"

"आता लागत नाही, नाना. एकाच हातानं होतं."

"अस्सं." त्यांनी डाव्या हातानं दांडा ढकलला. गाडी भिंतीला जाऊन भिडली. गल्लीतलं कुणीतरी ओरडलं, "नाना, बॉर्डर तोडी टाकी!" सगळे हसले. नानाही हसले. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि तो तिथेच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी गाडी टॉवेलात गुंडाळून आत नेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा गाडी कपाटावर होती. नाना ओट्यावर बसलेले होते, आणि ती वेळ विहिरीवरची मोटर बंद करायला मळ्यात जायची होती. मी विचारलं, "नाना, मळ्यात गेला नाहीत?"

उत्तर काकूंनी आतून दिलं. काकूंचं माहेर जळगाव शहरातलं, त्या नानांसारखं अहिराणी बोलत नाहीत. "नाही पाठवत आता. दिवाळीला ते खेळणं दिवसभर चार्जिंगला ठेवून जाळलं ना त्यांनी? उद्या मोटर जाळली तर हातचं पीक जाईल. मी जाते दोन्ही वेळा." किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात होती.

नाना माझ्याकडे पाहत म्हणाले, "खरं शे तिनं. याद ऱ्हात नही माले आते."

काकूंची चूक नव्हती. मी सांगितलं ते खरं धरलं तर कुठल्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. मी नुसतं "हो का" म्हणाले आणि घरी आले.

त्यानंतरही मी सांगितलं नाही. आधी दुरुस्त करू, असं मनात आलं. गाडी पहिल्यासारखी झाली की सगळंच पहिल्यासारखं होईल, असं काहीतरी. मी गाडी मागून घेतली. नव्या रिमोटच्या आतलं सर्किट काढून नानांच्या जुन्या, दोन दांड्यांच्या रिमोटच्या पेटीत बसवलं. दोन्ही दांड्यांच्या तारा वेगवेगळ्या चॅनलला जोडल्या. दोन मोटरींच्या आज्ञा एकत्र करणारी सेटिंग बंद केली, म्हणजे डावा दांडा फक्त डाव्या पट्ट्याला आणि उजवा फक्त उजव्याला. या वेळी प्रत्येक टोकाला दोऱ्याची गाठ मारली. चार दिवस लागले. आबा एकदा मागे येऊन उभे राहिले, गाठी बघून म्हणाले, "आते कशी शिकनी." मला मान वर करवली नाही.

पाचव्या दिवशी सकाळीच मी गाडी घेऊन नानांकडे गेले. नानांनी दोन्ही दांडे धरले. उजव्या हाताची बोटं पुन्हा कमजोर झाली होती, हे मला तेव्हा दिसलं. पहिल्यांदा गाडी गोल फिरली. मग त्यांनी डावा दांडा थोडा मागे घेतला, उजवा हात कोपरापासून पुढे रेटला आणि गाडी अंगणाच्या त्या टोकापर्यंत सरळ गेली, वळली, परत आली. दोन-तीन पोरं टाळ्या वाजवत होती.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शिकलेली पोरगी कामाला आली बघ," म्हणाल्या. आणि वळून नानांना म्हणाल्या, "आता चार्जिंग मीच लावत जाईन. तुम्ही वायरला हात लावू नका. पुन्हा जाळाल."

"नही लावस," नाना म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले.

ते 'नही लावस' मला सहन झालं नाही.

"काकू, बोर्ड नानांनी जाळलं नव्हतं," मी म्हणाले. आणि घाबरून मी इंग्रजी शब्दांत शिरले. पोलॅरिटी उलटी झाली, आउटपुट स्टेज शॉर्ट झाला, असलं काहीतरी बोलत राहिले. काकूंना काही कळत नव्हतं.

नानांनी हात वर केला. "सरळ सांग ना माय. कोनी जाळं?"

"मी."

"कवय?"

"दिवाळीतच. तुम्ही दिली तेव्हा फक्त कापूस अडकला होता. तो मी काढला. मग गाडी उलटी चालायला लागली म्हणून मी... दोन वायरी बदलल्या. बॅटरीच्या."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग हसू फुटल्यासारखा त्यांचा चेहरा हलला. "दोन वायरी बदल्या? पंपसारख्या? आरे, बाटरीले तीन फेज कोठेन ऱ्हातीन?"

पोरं खिदळली. मलाही क्षणभर वाटलं की आता हे हसण्यावारी जाईल, सुटले. पण नानांचं हसू तिथेच थांबलं.

"मंग मी नही जाळं?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना. दिवसभर चार्जिंगला राहिलं तरी तसं जळत नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

"तुले तव्हय बी माहीत व्हतं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

काकूंच्या हातात कपबशी तशीच होती. त्या माझ्यावर रागावतील अशी मला खात्री होती आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नानांकडे वळल्या. "दिवाळीपासून मी तुम्हाला काय काय बोलले," एवढंच म्हणाल्या. पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी जुडग्यातून काढलेली पेटीची किल्ली नानांसमोर ठेवली. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. चहा मात्र माझ्यापुढे सरकवला, आणि तो मला प्यावा लागला.

नानांनी किल्ली लगेच उचलली नाही. नंतर म्हणाले, "चाल, येस का मळामा?"

आम्ही दोघं गेलो. नानांनी पेटीचं कुलूप उजव्या हातानं उघडायचा प्रयत्न केला, मग डाव्यानं उघडलं. हिरवं बटण दाबलं. पाणी आलं. आम्ही बांधावर बसून राहिलो. मी एकदा "नाना, माझं चुकलं" म्हणाले. त्यांनी "हं" केलं.

पाणी देऊन झाल्यावर त्यांनी लाल बटण दाबलं. मोटरचा आवाज थांबला, पाइपमधून उरलेलं पाणी गळून संपलं.

"बंद व्हयनी ना?" त्यांनी मला विचारलं.

"झाली, नाना."

त्यांनी पुन्हा बटणाकडे पाहिलं. "पाइपले हात लाईसन दख बरं."

मी पाइपला हात लावला. काही थरथरत नव्हतं. "बंद आहे."

त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. आम्ही निघालो. निम्मी वाट चालून आल्यावर नाना थांबले, मागे वळून विहिरीकडे बघत राहिले.

"चाल, येकदाव दखी येऊत," ते म्हणाले.

मोटर बंद होती. ती मी माझ्या हातानं तपासली होती. पण स्वतःवर भरवसा ठेवा, असं त्यांना सांगायचा अधिकार मला कुठे होता? मी त्यांच्याबरोबर परत विहिरीकडे गेले.